लाल मुरमातलं शांतिनिकेतन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बुधवारी जाऊ नका. बाकीचं काहीही विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. विश्वभारती विद्यापीठाची आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, बुधवारी असते. त्या दिवशी सकाळी काचेच्या मंदिरात उपासना होते आणि बाकी सगळं बंद. मी पहिल्यांदा गेले ती नेमकी बुधवारी दुपारी. उत्तरायणाच्या, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरांच्या आवाराच्या, फाटकासमोर उभी राहून मी कुलपाचा फोटो काढला होता. तो अजून फोनमध्ये आहे.

आपल्याकडे शांतिनिकेतन म्हटलं की रवींद्रनाथ, गीतांजली, झाडाखालची शाळा एवढं डोळ्यांपुढे येतं. ते खरंच आहे. पण मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. हे छोटं गाव उघड्यावरच्या कलेसाठी बघायला जाण्यासारखं आहे. इथल्या उत्तम मूर्ती झाडांखाली उभ्या आहेत, उत्तम चित्रं वसतिगृहाच्या छतावर आणि वर्गांच्या भिंतींवर आहेत, आणि बागा, राया, वीथी यांनी हे सगळं एकत्र बांधलेलं आहे. २०२३ च्या सप्टेंबरात युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतल्यापासून गर्दी वाढली आहे. तरीही सकाळी लवकर उठणाऱ्याला शांतता मिळते.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात बीरभूम जिल्हा विदर्भासारखाच तापतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या भानगडीत पडू नका. पावसाळ्यात लाल माती आणि हिरवा रंग बघण्यासारखा असतो, पण चालताना चपला मातीत रुततात. फेब्रुवारीच्या शेवटी पळस आणि काटेसावर फुलते. तेव्हा सुंदर दिसतं, पण वसंतोत्सवाच्या आसपास खोली मिळणं कठीण. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पौषमेळा असतो (बंगाली पौषाच्या ७ तारखेपासून). मेळा बघायचा असेल तर जरूर जा. कला बघायची असेल तर त्या दिवसांत जाऊ नका.

माझं मत विचाराल तर १ आणि २ डिसेंबर गाठा. त्या दोन दिवशी कलाभवनात, म्हणजे विश्वभारतीच्या कला महाविद्यालयात, नंदन मेळा भरतो. इथले थोर चित्रकार-शिक्षक नंदलाल बोस यांचा जन्मदिवस ३ डिसेंबर, त्याच्या आदल्या दोन दिवशी विद्यार्थी आणि शिक्षक आपापली कामं मांडून विकतात. एरवी कलाभवन हे चालू कॉलेज आहे, रखवालदाराला विचारून, दबकत आत शिरावं लागतं. या दोन दिवसांत मात्र तुम्ही पाहुणे असता. विद्यार्थ्यांनी काढलेली पुढच्या वर्षाची दिनदर्शिका, मातीची भांडी, छोटी छापील चित्रं परवडणाऱ्या भावात मिळतात.

कसं पोचायचं

स्टेशनचं नाव बोलपूर. हावड्याहून साधारण दीडशे किलोमीटर, रेल्वेने अडीच तासांच्या आसपास. सकाळी दहाच्या सुमाराला हावड्याहून शांतिनिकेतन एक्सप्रेस सुटते. सोयीची आहे, पण शनिवारी-रविवारी निम्मं कोलकाता त्याच गाडीत असतं, तेव्हा आरक्षण आधी करा. मुंबईहून रेल्वेनेच जायचं असेल तर गीतांजली एक्सप्रेसने जा. सकाळी सीएसएमटीहून निघून नाशिक, भुसावळ, नागपूर करत दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. नावालाही शोभेल! पुणेकरांना आझाद हिंद आहे. विमानाने कोलकाता गाठून पुढे रेल्वे, हा घाई असलेल्यांचा मार्ग.

बोलपूर स्टेशनबाहेर टोटो उभ्या असतात, म्हणजे आपली ई-रिक्षा. बसण्याआधी भाडं ठरवा. टोटोवाला ‘सगळं दाखवतो’ म्हणून एक ठरलेली फेरी सांगेल. त्यात पाच-सहा ठिकाणं, प्रत्येकी दहा मिनिटं आणि शेवटी त्याच्या ओळखीचं साडीचं दुकान असतं. नम्रपणे ‘ना दादा’ म्हणायचं आणि फक्त मुक्कामापर्यंत जायचं. गावात फिरायला सायकल भाड्याने मिळते, तीच घ्या. रस्ते सपाट आहेत, अंतरं दोन-तीन किलोमीटरची आहेत.

मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवा. कोलकात्याहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे लोक पुष्कळ असतात. त्यांना मंदिर, संग्रहालय आणि हाट दिसतो, मूर्तींसाठी वेळ उरत नाही.

आधी माती बघा

पहिल्या संध्याकाळी कुठल्याही इमारतीत जाऊ नका. सायकल घेऊन खोआईकडे जा. खोआई म्हणजे पावसाने कोरून काढलेल्या लाल घळी, ओघळ, टेकाडं. मी चिपळूणची, त्यामुळे बघताक्षणी ओळखलं: हा आपला जांभाच की! तोच लालपिवळा, भोकाभोकांचा दगड. सुट्या खड्यांना तिकडे ‘मोरम’ म्हणतात, म्हणजे आपला मुरूम. मूठभर उचला आणि बोटांत घोळवून बघा. रवा, वाटाणा, सुपारी एवढाले खडे, मध्ये गंजाच्या रंगाची माती. उद्या ज्या मूर्ती बघायच्या आहेत त्या यातूनच झाल्या आहेत.

त्याच भागात सोनाझुरीचं बन आहे. नाव मोठं काव्यमय, पण झाड आपण रस्त्याकडेला रोज बघतो ती ऑस्ट्रेलियन बाभूळ. पिवळ्या तुऱ्यांचा सडा पडला की नाव पटतं. बनात हाट भरतो. तो मूळचा शनिवारचा, आता इतरही दिवशी दुकानं लागतात. काँथ्याच्या भरतकामाची साडी, डोकरा पद्धतीने ओतलेल्या पितळी मूर्ती, एकतारीवर गाणारे बाउल, म्हणजे बंगालचे फिरते भक्तिगायक. शनिवारी गर्दी इतकी की झाडं दिसत नाहीत. घासाघीस चालते, पण काँथ्याच्या बाबतीत कापड उलटं करून मागची बाजू बघा. हाताचे टाके मागूनही जवळपास तसेच दिसतात. मशीनचं काम असेल तर दोऱ्याची सलग रांग दिसते.

दुसरा दिवस, सकाळ: आश्रम

थोडा इतिहास, चालता चालता. महर्षी देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ मध्ये इथली वीस बिघे माळरानाची जमीन जवळच्याच रायपूर गावच्या जमीनदारांकडून घेतली. तेव्हा इथे दोन छातिमची झाडं होती म्हणतात. छातिम म्हणजे आपली सातवीण, सप्तपर्णी. १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी पाच विद्यार्थ्यांवर शाळा सुरू केली. १९१९ मध्ये कलाभवन, १९२१ मध्ये विश्वभारती. म्हणजे आज जी दाट सावली दिसते ती सगळी लावलेली आहे. वृक्षारोपणाचा उत्सवच इथे १९२८ पासून होतो. ओसाड माळावर माणसांनी लावलेली बाग म्हणून हे गाव बघितलं तर वेगळं दिसतं.

कोविडच्या काळात आश्रमाचा मूळ भाग पर्यटकांना बंद झाला. आता तो मार्गदर्शकासोबतच्या हेरिटेज वॉकमधून दाखवतात. वार, वेळ आणि शुल्क बदलतं, म्हणून तिकीट काढण्याआधी विश्वभारतीच्या संकेतस्थळावर बघा आणि मुक्कामाचा वार त्याप्रमाणे ठरवा. उलटं करू नका, म्हणजे आधी हॉटेल आणि मग वॉकची चौकशी.

आत काय बघायचं? छातिमतला, जिथे देवेंद्रनाथ ध्यानाला बसत. आम्रकुंज, जिथे आजही आंब्याखाली वर्ग भरतात. मुलं आपापलं आसन घेऊन येतात आणि मास्तर पाराला टेकून बसतात. शालवीथी, बकुळवीथी. १८९१ चं काचेचं उपासनागृह. त्यात मूर्ती नाही, चित्र नाही, सकाळच्या उन्हात रंगीत काचांचा प्रकाश फरशीवर पडतो तेवढाच. मुलांचे फोटो काढू नका. मनाई असते हे कारण आहेच, आणि आपल्या पोराच्या वर्गात खिडकीतून कोणी मोबाइल धरला तर आपल्याला कसं वाटेल?

पाठभवनाच्या, म्हणजे जुन्या ग्रंथालयाच्या, व्हरांड्यातली भित्तिचित्रं बहुतेक लोक सावलीत उभं राहून पाणी पिताना पाठीमागे ठेवतात. वळून बघा. ती नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची आहेत.

रामकिंकरांच्या मूर्ती: इथे वेळ घालवा

कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैज यांची कामं आहेत. जन्म १९०६, बांकुडा जिल्ह्यातलं गरीब घर. विद्यार्थी म्हणून आले ते आयुष्यभर इथेच राहिले. सगळे त्यांना किंकरदा म्हणत. रवींद्रनाथांनी सगळा आश्रम मूर्तींनी भरून टाकायला सांगितलं होतं, असं ते सांगत. पण ब्राँझला पैसे कुठले? मग त्यांनी लोखंडी सांगाड्यावर सिमेंट आणि मुरूम यांचा गारा थापून मूर्ती उभ्या केल्या.

‘संथाळ कुटुंब’ ही १९३८ ची. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून तिचा उल्लेख होतो. काम शोधायला किंवा गाव बदलायला निघालेलं एक संथाळ आदिवासी घर. पुरुषाच्या खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोपलीत पोर. बाईच्या डोक्यावर ओझं. सोबत कुत्रं. आपल्याला कावड म्हटली की श्रावणबाळ आठवतो, त्यात म्हातारे आईबाप असतात. इथे त्याच कावडीत पुढची पिढी बसली आहे आणि दुसऱ्या बाजूला संसाराचा भार आहे. राजा नाही, देव नाही, पुढारी नाही. ज्या काळात पुतळा म्हणजे घोड्यावरचा साहेब किंवा खुर्चीतली राणी, त्या काळात एका मजूर कुटुंबाची माणसापेक्षा मोठी मूर्ती, आणि ती सुद्धा कोणाची खास मागणी नसताना, कोणाच्या पैशांशिवाय.

मूर्ती बघण्याची माझी एक पद्धत आहे. आधी दुरून, सगळी चाल दिसेल अशा अंतरावरून. चौघंही एका दिशेने निघाले आहेत, थांबलेलं कोणी नाही. मग पूर्ण प्रदक्षिणा, कारण समोरून दिसत नाही ते मागून दिसतं. आणि शेवटी हाताच्या अंतरावर (हात न लावता) पृष्ठभाग बघा. काल खोआईत बोटांत घोळवलेले खडे तिथे आहेत. गुडघ्यावर, पोटरीवर, कुत्र्याच्या पाठीवर सगळीकडे तेच वाटाण्याएवढे खडे. गुळगुळीत करायचा प्रयत्नच नाही. आमच्याकडे जांभ्याचे चिरे काढून घरं बांधतात, इथे या माणसाने त्याच्या खड्यांतून माणसं बांधली. वर आता छप्पर घातलंय. फोटोला आड येतं म्हणून लोक कुरकुरतात, पण सिमेंटला ऊनपाऊस किती सोसवणार?

जवळच ‘गिरणीचा भोंगा’, १९५६. दोन संथाळ बायका भातगिरणीच्या भोंग्याला धावत निघाल्या आहेत, मागे एक पोर. आंघोळ उरकली आहे पण लुगडं वाळायला वेळ नाही, म्हणून धावता धावताच ते वाऱ्यावर धरलं आहे. सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या बाईला ही मूर्ती समजावून सांगावी लागणार नाही. दोन्ही मूर्तींमध्ये अठरा वर्षांचं अंतर आहे. पहिलं कुटुंब आपल्या चालीने चालतंय, दुसरं भोंग्याच्या. ही तुलना मला तिसऱ्या भेटीत सुचली. तुम्हाला पहिल्याच भेटीत मिळतेय, तेव्हा दोन्ही लागोपाठ बघा.

‘सुजाता’ शोधावी लागते. १९३५ ची, उंच, सडपातळ, आसपासच्या नीलगिरीच्या झाडांसारखीच. डोक्यावरचं खिरीचं पात्र नंतर नंदलालांच्या सांगण्यावरून आलं म्हणतात, आणि त्यामुळे एक साधी चालणारी मुलगी बुद्धाला खीर द्यायला निघालेली सुजाता झाली. झाडांच्या खोडांमध्ये ती पटकन दिसत नाही. पहिल्यांदा मी तिच्या समोरून सायकल दामटत गेले होते.

दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारातले यक्ष-यक्षीही याच रामकिंकरांचे. ते दगडात आहेत. बघितले असतील तर मनात तुलना करा. मला मुरमातले जास्त आवडतात.

भिंती

कलाभवनातच ‘कालो बाडी’ आहे, काळं घर. मातीच्या भिंती, पावसापासून वाचवायला डांबर, आणि बाहेरून सगळीकडे उठावचित्रं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा, भारहुतची शिल्पं, इजिप्त आणि असीरियाची माणसं, विद्यार्थ्यांनी हातांनी भिंतीत उभी केलेली. हे मुलांचं वसतिगृह म्हणून बांधलेलं आहे. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर बघा. भर दुपारी काळ्यावर काळं काहीच दिसत नाही.

चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींसाठी हिंदी भवनात जायचं. तीन भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र, १९४६-४७. कबीर, सूरदास, तुलसीदास, रामानुज, गुरू गोविंदसिंग आणि त्यांच्याभोवती वाहणारी माणसं, घरं, घाट. ओल्या गिलाव्यावरचं काम, म्हणजे जेवढा गिलावा आज केला तेवढ्यावर आजच रंग लावायचा, वाळल्यावर दुरुस्ती नाही. आणि चित्रकाराची नजर जन्मापासून अधू. एका डोळ्याने जवळजवळ काही दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला जाड भिंगाचा चष्मा. भिंतीसमोर बसला की पूर्ण भिंत त्याला कधी एकदम दिसलीच नसणार. तरी डावीकडून उजवीकडे नजर फिरवली तर वारीसारखा प्रवाह लागतो, कुठे खंड नाही. आपल्याला पंढरीची वाट डोळ्यांत असते, म्हणून असेल, पण मला तिथून हलवत नव्हतं. पुढे १९५०च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर १९७२ मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं चित्र केलं, हातांच्या स्पर्शाने. ते बघायला विसरू नका. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी.

हिंदी भवनात वर्ग आणि कार्यक्रम चालू असतात. दार बंद असेल तर कार्यालयात विचारा. ‘मुखर्जीबाबूंचं भित्तिचित्र बघायला महाराष्ट्रातून आलोय’ म्हटल्यावर मला दोन्ही वेळा किल्ली मिळाली. हिंदी चालतं, मोडकंतोडकं बांगला जास्त चालतं.

चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी काळ्या-पांढऱ्या चित्रांनी मढवलेली कलाभवनाची इमारत रस्त्यावरूनही दिसते. ते काम २००९ मध्ये नव्याने केलं तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं.

आणि हो, मराठी माणसांची हजेरी इथे आहे. कोल्हापूरचे विनायकराव मासोजी इथे शिकले आणि मग शिकवू लागले. दिनकर कौशिक कलाभवनाचे प्राचार्य होते. पु. ल. देशपांडे पन्नाशी गाठल्यावर बांगला शिकायला इथे येऊन राहिले.

दुपार: उत्तरायण आणि बाग

रवींद्रनाथांना एका घरात फार काळ करमत नसे. म्हणून उत्तरायणाच्या आवारात पाच घरं: कोणार्क, उदयन, श्यामली, पुनश्च, उदीची. तिकीट काढून आत जायचं. संग्रहालयात फोटो काढू देत नाहीत. नोबेल पदक २००४ मध्ये चोरीला गेलं, आता आहे ती प्रतिकृती. लोक तिच्यासमोरच जास्त घुटमळतात.

तुम्ही श्यामलीसमोर घुटमळा. १९३५ चं हे घर सगळं मातीचं, छप्परसुद्धा मातीचं. भिंतींवर नंदलाल, रामकिंकर आणि विद्यार्थ्यांची उठावचित्रं. १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा आले तेव्हा इथेच उतरले होते.

मग बाग. ती मुख्यतः रथींद्रनाथांची, कवींच्या मुलाची. ते अमेरिकेत इलिनॉयला शेतीशास्त्र शिकून आले होते. गुलाबाचे ताटवे, तळं, वळणाच्या वाटा. झाडांवरच्या पाट्या वाचा, कारण काही वेलींची नावं रवींद्रनाथांनी स्वतः ठेवली आहेत. आपण जिला मधुमालती म्हणतो ती त्यांची मधुमंजरी. निळ्या तुऱ्यांची पेट्रिया म्हणजे नीलमणीलता. नर्सरीत आपण हीच रोपं लॅटिन नावांनी मागतो आणि माळी गोंधळतो.

तिसरा दिवस, वेळ असेल तर

श्रीनिकेतन तीन किलोमीटरवर आहे. ग्रामविकासाचं काम तिथे चालायचं. नंदलालांचं हलकर्षणाचं, म्हणजे नांगरणीच्या उत्सवाचं, १९३० चं भित्तिचित्र तिथल्या उघड्या भिंतीवर आहे. कातडी बॅगा घ्यायच्या तर आमार कुटीरमध्ये घ्या, भाव ठरलेले असतात. बल्लभपूरचं अभयारण्य, ज्याला सगळे डिअर पार्क म्हणतात, हरणांसाठी आणि थंडीतल्या पक्ष्यांसाठी ठीक. दुर्बीण नसेल तर सोडलंत तरी चालेल.

बरोबर काय न्यायचं

टोपी, पाण्याची बाटली, सहज काढता येतील अशा चपला, एक छोटी वही. पांढरे कपडे नकोत, संध्याकाळपर्यंत घोट्यापर्यंत लाल होतात आणि तो रंग साबणाला दाद देत नाही. डाळ-भात-पोस्तो (खसखशीची भाजी) कुठेही मिळतं. थंडीत गेलात तर नलेन गुळाचे, म्हणजे खजुरीच्या ताज्या गुळाचे, संदेश विचारा. शाकाहारी असाल तर भाजीतही मासा आहे का हे दोनदा विचारा, ‘निरामिष’ हा शब्द कामाला येतो. आणि परतीची गाडी बोलपूरऐवजी जवळच्या प्रांतिक स्टेशनहून सुटत असेल तर टोटोवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, पहाटे तिकडे जायला रिक्षा मिळत नाही.